रेवदंड्याच्या वाडीतले सोर्ब माजघर : दोन रात्रींच्या मुक्कामाचा अभिप्राय

रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांपैकी एका वाडीत, आगरकोटाच्या तटबंदीपासून चालत दहा मिनिटांवर, एका निवृत्त दांपत्याने आपल्या वडिलोपार्जित कौलारू घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या केल्या आहेत. घरमालकांना सगळेच काका म्हणतात. त्यांची नोकरीची बावीस वर्षे पूर्व जर्मनीतल्या कोट्बुस शहराच्या परिसरात, लिग्नाइट हा तपकिरी कोळसा जाळून वीज तयार करण्याच्या कामात गेली. परत येताना त्यांनी तिथल्या सोर्ब या छोट्या स्लाव्ह, म्हणजे चेक-पोलिशांच्या भाषाकुळातल्या, समाजाविषयीची पुस्तके, नकाशे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि काही वस्तू सोबत आणल्या आणि घराचे माजघर त्यासाठी मोकळे करून दिले. दिवाळीनंतर मी आणि माझे यजमान तिथे दोन रात्री राहिलो. स्वच्छ खोली आणि चांगले जेवण रेवदंड्यात इतरत्रही मिळते. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या माजघराविषयी आहे.

खोलीचे थोडक्यात सांगते. दोघांसाठी दिवसाला २,५०० रुपये, जेवणाचे वेगळे. खाटा चांगल्या आहेत, मच्छरदाणी आहे, न्हाणीघर स्वच्छ आहे, विहिरीचे पाणी किंचित मचूळ लागते म्हणून पिण्याचे पाणी वेगळे ठेवतात. माडीवर जाणारा जिना उभा आणि अरुंद असल्याने गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालची खोली मागून घ्यावी.

प्रत्येक दारावर दोन ओळींची पाटी आहे, वर मराठी आणि खाली सोर्ब भाषेतला शब्द देवनागरीत. प्रवेशद्वारावर ‘या, बसा’ आणि त्याखाली ‘विताय्चे क् नाम’, म्हणजे ‘आमच्याकडे आपले स्वागत’, असे लिहिले आहे; स्वयंपाकघराच्या चौकटीवर ‘कुखन्या’ आहे. सोर्बांच्या प्रदेशात गावांच्या आणि रस्त्यांच्या पाट्या अशाच जोडीने लागतात, जर्मन आणि सोर्ब. बाउट्सेनचे तिथले नाव बुडिशिन, कोट्बुसचे खोशेबुज, आणि सगळ्या प्रदेशाचे नाव वुझित्सा, ज्याला जर्मन लोक लाउझित्स म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ दलदलीची भूमी. आमच्या खाजणांच्या किनाऱ्यावर हा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

माजघरातला नकाशा नीट पाहण्यासारखा आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास स्लाव्ह टोळ्या एल्बे नदीच्या पलीकडेपर्यंत पसरल्या होत्या; दहाव्या शतकात जर्मन सत्तेने त्यांना जिंकले आणि पुढच्या हजार वर्षांत तो सगळा पट्टा जर्मनभाषक होत गेला. श्प्रे नदीच्या वरच्या खोऱ्यात तेवढे एक बेट उरले. त्याचा दक्षिणेकडचा भाग, वरची वुझित्सा, आज सॅक्सनी राज्यात आहे आणि उत्तरेकडची खालची वुझित्सा ब्रांडेनबुर्गमध्ये. दोन भागांच्या दोन प्रमाणभाषा आहेत, वरची सोर्ब आणि खालची सोर्ब; पहिली चेकला जवळची, दुसरी पोलिशला. स्वतःला सोर्ब म्हणवणारे सुमारे ६०,००० आहेत असा आकडा नेहमी दिला जातो, पण त्यातले रोज भाषा बोलणारे बरेच कमी आहेत आणि खालच्या सोर्बची स्थिती अधिक नाजूक आहे. जर्मनीतल्या डॅनिश भाषकांच्या पाठीशी डेन्मार्क हा देश उभा आहे. सोर्बांना सीमेपलीकडे असे स्वतःचे राष्ट्र नाही. जे काही टिकवायचे ते त्यांना त्याच गावांत टिकवावे लागते.

काकांनी खिडकीशी एक छोटी पुठ्ठ्याची तक्ती लावली आहे, आणि मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला तिच्यासमोरून हलवेना. तिच्यावर तीनच शब्द आहेत : रुका, रुत्से, रुकी. एक हात, दोन हात, पुष्कळ हात. संस्कृतमध्ये शिकलेले आणि मराठीने केव्हाच टाकून दिलेले द्विवचन या भाषेत आजही घरोघरी बोलले जाते. स्लाव्ह भाषांपैकी स्लोव्हेन सोडली तर इतरत्र ते असे जिवंत राहिलेले नाही. ‘आम्ही’साठी एक शब्द आणि ‘आम्ही दोघे’साठी वेगळा शब्द, ‘मोय’. ‘तुम्ही दोघे’साठी ‘वोय’. आवाम्, युवाम् हे पाठ करताना मुलांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा येतो तो मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. तेच रूप वापरून एखादी आई आपल्या दोन लेकरांना जेवायला हाक मारत असेल, ही कल्पनाच मला फार मोलाची वाटली. भाषा गेली म्हणजे काय जाते, हे सांगायला त्या तीन शब्दांची तक्ती पुरेशी आहे.

त्यामानाने माजघराची मुख्य भिंत मला खटकली. आत शिरताच समोर दिसतो तो वेशभूषेचा मोठा देखावा : भरतकाम केलेले रुमाल, फिती, आणि खालच्या वुझित्सातल्या बायका डोक्याला बांधतात ते पंखांसारखे पसरलेले ‘लापा’ नावाचे शिरोवस्त्र. शेजारच्या काचपेटीत ईस्टरची रंगवलेली अंडी आहेत. अंडी खरोखर पाहण्यासारखी आहेत. हंसाच्या पिसाचे टोक त्रिकोणी कापून ते वितळलेल्या मेणात बुडवायचे, अंड्यावर ठिपके उमटवायचे, अंडे रंगात घालायचे, पुन्हा मेण, पुन्हा रंग, आणि शेवटी सगळे मेण उष्णतेने पुसून काढायचे. त्रिकोणांच्या रांगेला लांडग्याचे दात म्हणतात आणि ते अनिष्टापासून रक्षण करतात अशी समजूत आहे. मधाच्या पोळ्याची नक्षी कष्टाळूपणासाठी असते. काकू हे सर्व स्वतः करून दाखवतात आणि पाहुण्यांनाही करू देतात. यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत, हे नमूद केले पाहिजे.

तरीही पाहुणे त्या भिंतीसमोर छायाचित्रे काढून निघून जातात, हे मी दोन दिवसांत तीनदा पाहिले. त्यांच्या मनात सोर्ब म्हणजे रंगीत कपडे घालून अंडी रंगवणारे लोक एवढेच राहते. रोज तो वेश घालणाऱ्या म्हाताऱ्या आता मोजक्याच आहेत. बाकीचे सोर्ब चारचौघांसारखे कपडे घालून कचेरीत जातात. स्तानिस्लाव तिलिख नावाचा सोर्ब २००८ ते २०१७ या काळात सॅक्सनीचा मुख्यमंत्री होता, ही गोष्ट त्या भिंतीवर कुठेही नाही. आमच्याकडेही दशावतार आणि नमन-खेळे यांना व्यासपीठ मिळते, पण त्यातली बोली शाळेत उच्चारली की मूल गावंढळ ठरते; म्हणून हा मुद्दा मला हलका वाटत नाही. दुसरी उणीव अशी की वस्तूंखालच्या चिठ्ठ्या फक्त जर्मन आणि इंग्रजीत आहेत. दारांवर इतक्या विचाराने मराठी पाट्या लावणाऱ्या घरात आतल्या चिठ्ठ्या मराठीत नसाव्यात, हे मी काकांना स्पष्टच सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

मागच्या भिंतीवर, जिथे उजेड कमी आहे, तिथे खरी सामग्री आहे. एका नकाशावर काळ्या टिकल्या लावल्या आहेत. प्रत्येक टिकली म्हणजे कोळशासाठी उठवलेली एक वस्ती. विसाव्या शतकापासून लाउझित्समध्ये १३० हून अधिक वस्त्या खाणींनी गिळल्या, त्यांतल्या पुष्कळ सोर्बांच्या होत्या. गाव हलले की लोक कोट्बुस, होयर्सवेर्डा यांसारख्या शहरांतल्या इमारतींत विखुरले गेले, शेजारी जर्मन आले, आणि अंगणात बोलायची भाषा उंबऱ्याच्या आत गेली. होर्नो, सोर्ब नाव रोगोव, या गावाने बराच काळ झुंज दिली. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि २००० साली तिथेही अर्ज फेटाळला गेला. पुढच्या काही वर्षांत गाव पाडले गेले. हे सांगताना काकांचा आवाज उतरला. त्यांच्या पगारात त्या गावांच्या मातीचा वाटा होता, ही जाणीव त्यांना नोकरी संपत आल्यावर झाली आणि हा संग्रह त्यानंतर सुरू झाला, असे ते म्हणाले. ज्या किनाऱ्यावर प्रकल्प, भूसंपादन आणि मोजणीच्या खुंट्या हे शब्द प्रत्येक घराला माहीत आहेत, तिथे हा नकाशा पहिल्या भिंतीवर असायला हवा.

पूर्व जर्मनीच्या राजवटीची गोष्ट त्यामुळेच सरळ नाही. नाझींनी १९३७ मध्ये सोर्बांच्या दोमोविना या संघटनेवर बंदी घातली होती आणि सोर्ब शिक्षकांना व पाद्र्यांना त्यांच्या गावांपासून दूर धाडले होते. १९१२ साली होयर्सवेर्ड्यात स्थापन झालेली ही संघटना युद्ध संपताच, १९४५ च्या मे महिन्यात, पुन्हा उभी राहिली. १९४८ मध्ये सॅक्सनीने सोर्बांच्या हक्कांचा कायदा केला, १९५१ मध्ये बाउट्सेनला संशोधन संस्था सुरू झाली, शाळा, नाट्यगृह, प्रकाशन सगळे सरकारी पैशांतून मिळाले. त्याच काळात त्याच सरकारच्या खाणी गावे खात होत्या. एका हाताने पुस्तक आणि दुसऱ्या हाताने फावडे. याशिवाय युद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन निर्वासित या गावांत येऊन वसले आणि अनेक प्रॉटेस्टंट गावांत भाषेचा समतोल काही वर्षांतच बिघडला. कामेन्स, बाउट्सेन आणि होयर्सवेर्डा यांच्या मधल्या कॅथलिक गावांत मात्र चर्चची प्रार्थना, लग्न आणि अंत्यविधी सोर्बमध्येच होत राहिले, आणि आज मुले अंगणात सोर्ब बोलताना आढळतात ती मुख्यतः तिथे. ईस्टरच्या रविवारी तिथले पुरुष काळा कोट आणि उंच टोपी घालून घोड्यांवरून एका गावातून दुसऱ्या गावी सोर्ब भजने गात जातात. ही परंपरा टिकली, कारण गाणाऱ्याला ती भजने त्याच भाषेत पाठ असतात.

एका फळीवर २००१ सालच्या कात्रणांचा गठ्ठा आहे. मी तो दोनदा वाचला. ख्रोश्चित्सी या गावातल्या सोर्ब माध्यमिक शाळेत त्या वर्षी पाचवीला १७ मुले होती. नियमाप्रमाणे २० हवी होती. वर्ग नाकारला गेला. पालकांनी मुलांना दुसरीकडे पाठवायला आठवडेच्या आठवडे नकार दिला, गावाने निदर्शने केली, बाहेरच्या देशांतून पाठिंबा आला. तरी २००३ मध्ये शाळा बंद झाली. तीन मुले कमी पडली म्हणून.

माझी शेवटची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका डोंगरावरच्या वाडीत होती. पटावर २० मुले नसली की शाळेचे काय होणार, या चिंतेने दर जूनमध्ये मी आणि माझ्या सहकारी बाई घरोघरी फिरत असू. चाकरमानी मुंबईला गेले की मुलेही जात. मागे आजी-आजोबा आणि कुलूपबंद घरे उरत. आमच्या मुलांची मराठी शाळा गेली तरी मराठी भाषा उरते, कारण तिच्यामागे बारा कोटी लोकसंख्येचे राज्य आहे. ख्रोश्चित्सीच्या मुलांसाठी ती शाळा म्हणजे बाहेरच्या जगात त्यांची भाषा चालते याचा पुरावा होता. आकड्याचा नियम दोन्ही ठिकाणी एकच असला तरी हानी सारखी नसते, हे त्या कात्रणांनी मला शिकवले. नियम करणाऱ्यांनी हे जाणून घ्यायला हवे.

आता या घराच्या सर्वांत मोलाच्या सेवेविषयी. संध्याकाळी दिवेलागणीनंतर काका पाहुण्यांना ओटीवर बसवतात आणि पाऊण तास बोलतात. त्यांच्या बोलण्याचा गाभा कायदा किंवा खाणी हा नाही, सौजन्य हा आहे. ते कोट्बुसजवळच्या खेड्यात राहत असताना शेजारी सोर्ब कुटुंब होते. घरात सगळे सोर्बमध्ये बोलत. काका दारात दिसले की क्षणात जर्मन सुरू. कोणी सांगितलेले नसे. दहा जणांत एक जर्मन भाषक आला तर दहाही जण जर्मनकडे वळतात, कारण पाहुण्याला कळू नये असे बोलणे उद्धटपणाचे, असे पिढ्यान्पिढ्या मनावर बिंबलेले आहे. शाळा, वर्तमानपत्र, न्यायालयात सोर्ब बोलण्याचा कायदेशीर हक्क, हे सगळे असूनही भाषा घरात आकसत जाते ती या रोजच्या वळण्यामुळे, असे त्यांचे ठाम मत आहे. काकांनी मग सोर्ब शिकायला घेतली. आपल्यामुळे तरी कोणाला भाषा बदलावी लागू नये, एवढाच हेतू होता.

हे ऐकताना मला माझी आजी आठवली. आम्ही मूळचे मालवणकडचे. आजी आम्हा नातवंडांना ‘जेवलंस मां?’ म्हणून विचारायची, आणि मुंबईचे पाहुणे आले की तिचे तोंड आखडायचे, ‘जेवलात का?’ असे मोजून मापून बोलायची. आम्हीही तसेच शिकलो. माझी मुले मालवणी समजतात, बोलत नाहीत. याबद्दल मी कोणाला दोष देऊ शकत नाही. ती माझ्याच ओठांवरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी याचा आणखी एक दाखला मिळाला. स्वयंपाकाला मदत करणाऱ्या ताई कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लईच्या आहेत. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजातून घडलेली एक स्वतंत्र बोली आहे, जिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये रेवदंड्यालगतचे चौल मराठ्यांच्या हवाली केले आणि ते गेले. बोली मात्र हजाराच्या आसपास माणसांच्या तोंडी पावणेतीनशेहून अधिक वर्षे राहिली, चारी बाजूंनी मराठी असताना. मी चहासाठी आत गेले तेव्हा ताई बहिणीशी फोनवर त्या बोलीत बोलत होत्या. मला पाहताच त्यांनी तिच्याशी मराठीत सुरुवात केली. बहिणीशी! मी म्हटले, ‘‘ताई, माझ्यासाठी थांबू नका, तुमच्याच भाषेत बोला.’’ त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग हसल्या आणि पुन्हा आपल्या भाषेत बोलू लागल्या. मी चहा घेऊन तिथेच ओट्याशी उभी राहिले. मला एक शब्द कळला नाही आणि त्यात माझा कोणताही अपमान झाला नाही.

काकांच्या ओटीवर या विचाराचा एक साधा प्रयोग होतो. बोलणे संपल्यावर प्रत्येक पाहुण्याने पाच मिनिटे आपल्या घरच्या बोलीत बोलायचे, भाषांतर न करता. आमच्यासोबत नागाववरून आलेले एक आगरी जोडपे होते आणि पुण्याचे तरुण होते. आगरी काकूंनी भातलावणीची गोष्ट सांगितली. मी मालवणीत सुरुवात केली तेव्हा दोन वाक्यांनंतर अडखळले, तिसऱ्या वाक्याला आजीचा हेल आपोआप लागला. पुण्याच्या मुलांनी आपली घरची बोली कोणती हे ठरवायलाच बराच वेळ घेतला, तोही वेळ मला महत्त्वाचा वाटला.

सोर्बांनी यावर काय उपाय केला, ते माजघरात अधिक विस्ताराने यायला हवे होते. १९९८ मध्ये कोट्बुसच्या झिलोव या भागातल्या बालवाडीत ‘विताय’ नावाचा उपक्रम सुरू झाला. फ्रान्समधल्या ब्रेतॉन भाषेच्या शाळांवरून ही पद्धत घेतली : बालवाडीतल्या बाई मुलांशी दिवसभर फक्त सोर्बमध्ये बोलतात, मूल जर्मन घरातले असले तरीही. म्हणजे जिथे आईने भाषा दिली नाही तिथे बालवाडीने द्यायची. खालच्या वुझित्सात हे विशेष निकडीचे होते, कारण तिथे आजी आणि नातू यांच्यामधली पिढी गळून पडली होती. शिक्षक तयार करणारे सोर्ब विद्यापीठीय केंद्र लाइपझिगला आहे, ते सबंध जर्मनीत एकच. ‘सेर्ब्स्के नोविनी’ हे दैनिक वरच्या सोर्बमध्ये निघते आणि ‘नोवी त्सास्निक’ हे साप्ताहिक खालच्या सोर्बमध्ये. काकांकडे दोन्हींचे अंक आहेत, पण ते टेबलाखाली बांधून ठेवलेले. मी एक गठ्ठा सोडवून घेतला. शेतीच्या बातम्या, फुटबॉलचे निकाल, मृत्यूच्या नोंदी. वाचता येत नसूनही तो अंक मला अंड्यांच्या काचपेटीपेक्षा जास्त काही सांगून गेला. ज्या भाषेत फुटबॉलचा निकाल छापला जातो ती भाषा संग्रहालयात गेलेली नसते.

जेवणाबद्दल. दुपारी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि जिताड्याचे कालवण मिळाले आणि त्याला नावे ठेवायला जागा नाही. रात्री सांगून ठेवले तर लाउझित्सचे साधे जेवण करतात : सालीसकट उकडलेले बटाटे, मऊ ताज्या चीजऐवजी आपला चक्का, वर कांदा आणि कच्चे जवसाचे तेल. तेल ताजे असले तरी मला ते कडवट लागले; माझ्या यजमानांनी मात्र दोनदा घेतले. लाउझित्समधल्या श्प्रेवाल्ड या कालव्यांच्या मुलखात होते तसे काकडीचे लोणचे उत्तम होते. त्यात शेपू घालतात हे कळल्यावर काकूंकडून कृती लिहून घेतली. त्या कालव्यांतल्या लेडे गावात उन्हाळ्यात टपाल होडीने वाटले जाते, हे काकांनी तेव्हा सांगितले. लहानपणी तरीने आलेली पत्रे आठवून माझे यजमान बराच वेळ त्यावरच बोलत राहिले.

एकंदरीत मी या मुक्कामाला पाचपैकी चार गुण देते. एक गुण वेशभूषेच्या भिंतीसाठी आणि मराठी चिठ्ठ्यांच्या अभावासाठी कापला आहे. चिठ्ठ्यांचे मराठी मी करून देईन असे कबूल करून आले आहे. पहिल्या वीस पाठवल्याही. कोळशाचा नकाशा पुढच्या भिंतीवर आणण्याचे काकांनी आश्वासन दिले आहे.

२५ जानेवारीला सोर्ब मुलांचा ‘प्ताची क्वास’ म्हणजे पाखरांच्या लग्नाचा सण असतो. हिवाळ्यात पाखरांना दाणे घातले म्हणून पाखरे मुलांना आपल्या लग्नातला खाऊ देतात. मुले आदल्या रात्री खिडकीत ताटली ठेवतात आणि सकाळी तिच्यात गोड पदार्थ सापडतात. काकू तो वाडीतल्या मुलांसाठी करतात, ताटलीत नारळाच्या वड्या ठेवून. या वर्षी कोर्लईच्या ताईंची दोन नातवंडेही येणार आहेत. दुसऱ्या दिवसाची सुट्टी धरून लोक येतात आणि खोल्या दोनच आहेत, म्हणून त्या तारखेला जायचे असेल तर डिसेंबरातच फोन करावा. माडीवरची खोली आम्ही घेतली आहे.